आंबवणी

कुरोकावा-सान दिवाळीनंतर आला,
सावद्याला, केळीचं ठिबक पाहायला.
कंपनीचा फोन: तुमच्याकडे उतरू द्या, वाघुळदे,
तुमची माडीवरची खोली रिकामी आहे.
मी तीस वर्षं फिटर. लॅटरल, जॉइनर, ग्रोमेट,
एवढंच माझं इंग्रजी. त्याचंही तेवढंच.
जमलं.

पहिल्या सकाळी सुलभाने चहा दिला.
प्याला. वाकला. मग बॅगेतून काढली
बगळ्याच्या मानेची किटली
आणि तारेच्या कड्यावर शिवलेलं, लाकडी मुठीचं
एक फडकं.
सुलभा म्हणाली, गाळणी तर आपल्याकडंबी आहे.

ओट्यावर बसून तो पाणी सोडायचा,
करंगळीएवढी धार. करंगळी कसली, सुतळी.
काळ्या भुकटीच्या बरोब्बर मधोमध.
भुकटी फुगायची, सुस्कारा टाकायची,
भेगाळल्या काळीत पहिलं पाणी शिरतं तशी.
मग तो थांबायचा. किटली हवेत.
मी म्हटलं, आंबवणी.
त्याने वहीत लिहून घेतलं, चार अक्षरं, चार वेळा विचारून.
दुसरी धार. चिंबवणी. तेही लिहिलं.

गोष्ट त्याने तुकड्यांनी सांगितली,
अर्धी हातांनी, अर्धी मोबाइलच्या भाषांतराने.
नागासाकीच्या बेटावर डच व्यापारी,
त्यांच्याकडे जाणाऱ्यांतला एकजण चाखून लिहितो: जळकट.
पुढं टोकियोत कॉफीघर निघालं,
बिलियर्डचं टेबल, वर्तमानपत्रं, गुबगुबीत खुर्च्या,
चार-पाच वर्षांत मालक बुडाला.
(मला आमची दूध डेअरी आठवली.
ते भाषांतर झालं नाही.)
मग ब्राझीलच्या मळ्यांत राबायला जहाजं भरून माणसं गेली.
माणसं गेली, पोती आली.
मग युद्ध. शत्रूचं पेय. बंद.
मग त्याच्या बापाचं कोबेतलं दुकान,
नऊ खुर्च्या, एक रेकॉर्डप्लेअर.
घरी रेकॉर्ड कुणाला परवडत नव्हती,
एका कपावर तीन तास माणूस बसायचा, मुका.
उठवायचं नाही, हा बापाचा नियम.
नंतर कॉफी डब्यात आली, यंत्रातून खडखडत,
आणि नियमासकट खुर्च्या विकल्या गेल्या.

मी विचारलं, युद्धात मग काय प्यायचे?
मोबाइलची बॅटरी संपली होती.

दुपारी बांधावरून चालता चालता
तो एकदम खाली बसला.
तरोटा. शेंगा वाळून तडकलेल्या.
आम्ही फवारून मारतो तो.
बी तळहातावर घेऊन मला दाखवलं, मग भाजल्याची खूण केली,
मग हात डोक्याच्या वर: आजोबा.
हाच, किंवा ह्याचं चुलत भावंड.

मला हसू आलं नाही.
बहात्तरला माझी माय
रस्त्याची खडी फोडून आली की
तव्यावर तरोटा भाजायची, पाट्यावर वाटायची,
गूळ असला तर गूळ,
आणि म्हणायची, घ्या रे पोरहो, काफी.
कॉफी अशीच असते असं मला
नोकरी लागेपर्यंत वाटत होतं.

त्या रात्री सुलभाने भाजला. त्याने गाळला.
तीच आंबवणी, तेच थांबणं.
चव चांगली नव्हती, खरं सांगतो.
त्याने दुसरा कप मागितला.

थेंबे थेंबे तळे साचे, मी त्याला समजावलं.
तळं कशाला? तो म्हणाला.
एक कप.

जाताना फडकं ठेवून गेला,
फ्रिजमध्ये, पाण्याच्या वाटीत,
साबण नाही, साबण नाही, असं तीनदा सांगून.
चौथ्या दिवशी सुलभाने घासलं.
तिचा काय दोष. फडकं होतं.

आता ड्रीपर तपासताना मी
नेहमीसारखा खाली मापाचा कप धरतो, घड्याळ लावतो.
पूर्वी आकडा लिहिला की कप उपडा, पुढचं झाड.
हल्ली केळीच्या पानाखाली उकिडवा बसून राहतो.
गडी लांबून ओरडतो,
काय झालं भो, चोकअप आहे का?
नाही, म्हणतो.
पडू राह्यलं.